एकवीस तारखेच्या आत

सोमवार, ४

सकाळी फाटकाशी दुधाच्या पिशव्या घ्यायला गेले तर गाडी एका बाजूला बसलेली. पुढचं डावं चाक मडगार्डच्या आत अर्धं गडप, बाकीची तीन जागच्या जागी. एखाद्या जाड्या बाईने बाकावर एकाच कुल्ल्यावर भार देऊन बसावं, तशी. आधी पंक्चर वाटलं. टायर दाबून पाहिला, दगडासारखा घट्ट.

आत येऊन यांना सांगितलं. हे पलंगावरूनच म्हणाले, "वय झालं गं तिचं."

"वय माझंही झालं. मी बसले का?"

"तू कुठली बसतेस," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. वळायला आता त्यांना चार टप्पे लागतात.

इंजिन चालू करून पाहिलं. गाडीच्या पोटात कुठेतरी घरघर झाली आणि पाचेक मिनिटांत बया उठून उभी राहिली, जसं काही घडलंच नाही. नाटकी कुठली.

ही गाडी घेऊ नका म्हणून मी सोळा वर्षांपूर्वी कंठशोष केला होता. स्प्रिंगांऐवजी रबराचे फुगे, त्यात हवा, आणि त्या हवेवर अख्खी गाडी तरंगणार, असं हे मला कौतुकाने समजावत. मी म्हटलं होतं, फुगा तो फुगाच, आज ना उद्या फुटणार. आता तीच गाडी लागते. गेल्या महिन्यात यांना रुग्णवाहिकेतून नेलं, तेव्हा प्रत्येक गतिरोधकाला हे ओरडले. दुखणं मणक्यांत शिरलंय; चाकाखाली खडा आला तरी यांना आधी कळतो. या गाडीत मात्र मागच्या सीटवर उशा लावून आडवं केलं की दोन तासांत एकदाही कण्हत नाहीत. हॉस्पिटल दोन तासांवरच आहे. पुढचा डोस एकवीस तारखेला, सकाळी साडेनऊला. गाडी मी चालवते आणि मीच चालवणार.

तेव्हा एकवीसच्या आत हिला धड उभी करायची.

मंगळवार, ५

मोजल्याशिवाय बोलायचं नाही. चौतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होते. तागडीखाली चुंबक चिकटवणारे, मापाच्या तळाला मेण लावणारे, सगळे बघितले. काल संध्याकाळी सहाला टेप लावली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत एक्केचाळीस सेंटिमीटर. आज सकाळी सहाला तेहेतीस. उरलेल्या तीन चाकांत दोऱ्याइतकाही फरक नाही. म्हणजे चोरी एकाच पारड्यात आहे.

यांनी न्याहारीला अर्धं बिस्किट खाल्लं. म्हणाले, "या वेळी नको जाऊ या का?" मी म्हटलं, रिकाम्या पोटी असले विचार सुचतात. दूध दिलं. अर्धा कप घेतलं.

बुधवार, ६

मेकॅनिक येऊन गेला. मी त्याला घुम्या म्हणते. पंधरा वर्षं या गाडीचं काम करतोय, पण पूर्ण वाक्य मी त्याच्या तोंडून मोजून दहा वेळा ऐकलं असेल. यांचं आणि त्याचं मात्र छान जमतं. दोघे बोनेट उघडून तासन्‌तास आत बघत उभे राहायचे, विहिरीत कुणी पडलंय अशा चेहऱ्याने.

त्याने बादलीत साबणाचं पाणी केलं, फवाऱ्याच्या बाटलीत भरलं आणि चाकामागे मारायला लागला. आधी हवेच्या नळीच्या जोडावर. काही नाही. मग रबरी फुग्यावर. काही नाही. मी म्हटलं, "झालं? गाडी धुतलीस, आता बिल देशील."

त्याने आत बसून स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं, बाहेर येऊन पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि फुग्याला जिथे घडी पडते तिथे बारीक फवारा मारला. मग मला बोटाने बोलावलं. मला! बोटाने! पण वाकून पाहिलं. घडीच्या बेचक्यातून इवले इवले बुडबुडे येत होते, एकामागून एक, अगदी शांतपणे.

"हवेचा शॉकअप गेला," म्हणाला. "रबर घडीत चिरलंय. रात्रभर झिरपतं, सकाळी बसते. कॉम्प्रेसर भरून भरून तापतोय. उद्या तोही जळेल."

"कशावरून शॉकअपच? नळी असेल, व्हॉल्व्ह असेल."

"बाई, फेस खोटं बोलत नाही."

हे त्याचं अकरावं वाक्य. मान्य करावं लागलं. पार्ट मागवायचा म्हणजे आठ-दहा दिवस, म्हणाला. हिशेब केला, सोळापर्यंत येतो, सतरा-अठराला बसतो, एकवीसला आम्ही वेळेवर.

मी चहा टाकायला आत गेले. हे काठी टेकत पायरीपर्यंत आले होते, दोन महिन्यांत पहिल्यांदा. चहा घेऊन बाहेर आले तर दोघे एकदम गप्प. घुम्या बुटांकडे बघत होता. पुरुषांना गाडीचं काय एवढं गुपित असतं कुणास ठाऊक. त्याने चहा घेतला नाही. एवढं काय मनाला लागलं? मी रोज याहून वाईट बोलते.

शुक्रवार, ८

डॉक्टरांना फोन केला, एकवीस नक्की का म्हणून. म्हणाले, "नक्की. त्यांची इच्छा असेल तर पुढचा डोस देऊ." इच्छा! औषध कधीपासून इच्छेवर द्यायला लागले? उद्या परीक्षाही मुलांच्या इच्छेवर घ्या. मी म्हटलं, "डॉक्टर, गुण येतोय ना?" त्यांनी खाकरून घेतलं. म्हणाले, "बघू या, शरीर किती साथ देतं ते." म्हणजे येतोय. नसता तर तसं सांगितलं असतं. स्पष्ट बोलायला काय जीभ झिजते?

मधल्या बोटातली अंगठी यांच्या हातातून आपोआप गळून पडली. पलंगाखालून काढून कपाटात ठेवली. सूज उतरली असणार.

सोमवार, ११

घुम्याला फोन. "पार्ट कुठवर आला?"

"बघतो."

"बघतो म्हणजे? मागवलास ना?"

"साहेबांशी बोलणं झालंय."

"साहेब पलंगावर आहेत. माझ्याशी बोल."

"बघतो बाई," म्हणाला आणि ठेवला. कामचुकार माणूस शपथ घेत नाही आणि नकारही देत नाही, नुसतं 'बघतो' म्हणतो. खात्यात असताना 'बघतो' म्हणणाऱ्याचं दुकान मी आधी तपासायची.

यांना सांगितलं तर हे त्याचीच बाजू घेतात. "करेल गं. मागे लागू नकोस त्याच्या." मग थोड्या वेळाने छताकडे बघत, "तिथे जाऊन काय होतं गं? चार दिवस उलट्या, मग आठ दिवस तोंड कडू, मग जरा बरं वाटायला लागलं की पुढची तारीख."

मन खचलंय. चांगलंच खडसावलं. म्हटलं, अर्ध्यावर उठून जायला हा काय सिनेमा आहे? मग वाईट वाटलं. दूध दिलं, साखर जास्त घालून. घेतलं नाही, पण कप बराच वेळ हातात धरून ठेवला.

मापं: काल संध्याकाळी चाळीस, आज सकाळी एकोणतीस. झिरपणं वाढलंय.

शुक्रवार, १५

चार दिवसांत घुम्याने तीन वेळा 'बघतो' म्हटलं. आज माझी सहनशक्ती संपली. गाडीच्या पुस्तकात पार्टचा नंबर शोधला, भिंग लावून, आणि मोठ्या शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानाला स्वतः फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "हो मॅडम, आहे ना. एकच आहे, पण सहा महिन्यांपासून आहे."

"त्यासाठी गेल्या आठवड्यात कुणाची मागणी आली होती?"

"नाही मॅडम. कुणीच नाही."

कुणीच नाही!

चौतीस वर्षांत माझी एवढी फसवणूक कुठल्या वाण्याने केली नाही. त्या मुलीला म्हटलं, तो पार्ट कुणाला देऊ नकोस, सोमवारी मी येते. यांना सांगितलं नाही. त्यांचा घुम्यावरचा विश्वास उडाला तर त्यांना लागेल.

रविवार, १७

लेकीचा फोन. ती सात समुद्रांपलीकडे, तिथे तिची सकाळ. सगळं सांगितलं, घुम्याच्या सात पिढ्यांसकट. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस का?"

"काय विचारायचं? पार्टचा नंबर?"

"जायचंय का त्यांना, ते."

"अगं, जायचं म्हणजे काय सहलीला जायचंय?"

बराच वेळ तिकडून काहीच आवाज आला नाही. लाइन खराब असावी. मग म्हणाली, "मी पुढच्या आठवड्यात येतेय. तिकीट काढलंय." मी म्हटलं, आत्ता कशाला, सुट्ट्यांत ये, हे जरा हिंडायला-फिरायला लागले की. तर रडायलाच लागली. इतकी मोठी झाली तरी फोनवर रडते. खर्च तिचा, वर मीच समजूत घालायची.

दुपारी हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मला इथेच बरं वाटतं." मी उशी सारखी केली. दूध गाळून दिलं, हल्ली साय चालत नाही.

सोमवार, १८ आणि मंगळवार, १९

शेजारच्या, गल्लीभर बातम्या पोचवणाऱ्या रेडिओबाईंना यांच्यापाशी बसवून गेले. जाताना साडेचार तास, येताना पाच. बसमध्ये तो खोका मांडीवर ठेवला. खाली ठेवते म्हटलं तर कंडक्टर म्हणाला, "आजी, काय बाळ आहे का त्यात?" मी म्हटलं, "हो, आणि तुझ्यापेक्षा वळणाचं आहे." आजी म्हणे.

उतरले ती थेट घुम्याच्या गॅरेजवर. खोका त्याच्या टेबलावर ठेवला. वर स्ट्रट, म्हणजे शॉकअपच, असं छापलंय, ठळक अक्षरांत.

"हा घे तुझा आठ-दहा दिवसांत येणारा पार्ट. सहा महिने फळीवर धूळ खात होता. कुणी मागितलाच नव्हता."

त्याने खोक्याला हात लावला नाही. चिंधीने बोटं पुसत राहिला, आधीच पुसलेली. "बाई, एकदा साहेबांना विचारा."

"गाडी माझ्या नावावर आहे."

"गाडीचं नाही म्हणत. बसवू का, ते विचारा त्यांना. ते हो म्हणाले तर मी परवा सकाळी येतो."

मोठा आला साहेबांचा भक्त. घरी आले तर हे झोपलेले. उठले, तेव्हा पाठीत कळ होती, गोळी दिली, परत झोपले. मंगळवारीही तसंच. विचारायला सवड मिळाली नाही. आणि विचारायचं तरी काय होतं?

मंगळवारी संध्याकाळी घुम्याला फोन केला. म्हटलं, "विचारलं. हो म्हणाले."

हे इथे लिहून ठेवते, कारण खोटं माप खोटंच असतं, कुणीही घातलं तरी.

बुधवार, २०

कुठून सुरुवात करू? क्रमाने लिहिते.

घुम्या साडेनऊला आला. यांच्या खोलीची खिडकी त्या बाजूला नाही, पण आवाज ऐकू गेला असणार. मी फाटकाशी खुर्ची टाकून बसले, नजर ठेवायला. त्याने पुढची बाजू जॅकवर उचलली, चाक काढलं. नळीचा जोड सैल केला तशी जुन्या फुग्यातली उरलेली हवा हळूहळू बाहेर पडली, बराच वेळ. बोनेटमधले तीन नट, खालचा एक जाड बोल्ट, उंची मोजणाऱ्या दांडीची क्लिप. तो गंजलेला बोल्ट निघता निघेना. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा ठोकलं. जुना शॉकअप काढून जमिनीवर ठेवला तेव्हा पाहिलं, घडीतल्या भेगा अगदी केसासारख्या. एवढ्याशा भेगेसाठी एवढं. नवीन बसवला, नळी जोडली, चाक लावलं. तोवर अडीच वाजले. काम चोख करतो, हे नाकारून चालणार नाही.

मग म्हणाला, "आता यात हवा भरायला यंत्र लागतं, गाडीच्या कंप्युटरला जोडायचं. गॅरेजवर दुसऱ्या गाडीला लावलंय. घेऊन येतो. तोवर जॅकला हात लावू नका. हवा नसताना वजन पडता कामा नये."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

तीन वाजले. साडेतीन. पावणेचार. फोन उचलत नव्हता. मला सगळं दिसायला लागलं: पार्ट लपवला, आता यंत्राचं निमित्त, उद्या म्हणेल यंत्र बिघडलंय, की गेली एकवीस. पहाटे सहाला निघायचं होतं. आणि हवेचं म्हणाल तर गेले सोळा दिवस मी रोज सकाळी पाहत होते. गाडी खाली बसलेली असायची, इंजिन चालू केलं की आपोआप भरून उठायची. मग आजच कुठलं यंत्र?

मी जॅकचा दांडा फिरवला. गाडी खाली आली. चाकावर टेकली, मग आणखी खाली. आत बसून इंजिन चालू केलं. घरघर झाली, नेहमीसारखीच. डावी बाजू बोटभर उचलली गेल्यासारखी वाटली आणि मग आवाज आला. जुनी चादर मधून फाडावी तसा.

घुम्या तेव्हाच फाटकातून आत आला. हातात ते यंत्र होतं, वायर खांद्यावर. रस्त्यात त्याच्या दुचाकीची साखळी तुटली होती. यंत्र पोटाशी धरून चालत आला होता. त्याने गाडीकडे पाहिलं, जॅककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून आत हात घातला.

"नवीन रबराला घडी पडलेली नसते," म्हणाला. "हवा भरताना ती पडते. रिकाम्यावर वजन आलं की चिमटीत सापडतं. फाटलं."

मी खवळले. माझी चूक असली की मी जास्तच खवळते. म्हटलं, तू लपवाछपवी केली नसतीस, पहिल्या दिवशी मागवला असतास, तर आज ही वेळ आली असती का? कुणाच्या जिवाशी खेळतोयस, कळतंय का तुला? रेडिओबाई कुंपणापलीकडे येऊन उभ्या राहिल्या, इतका माझा आवाज चढला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेबांनी सांगितलं होतं. एकवीस उलटू दे, मग मागव. पायरीवर उभे राहून म्हणाले, हात जोडून. माझ्यापुढे त्यांनी हात जोडायचे का, बाई? काय करायला हवं होतं मी?" आणि मग, "तुम्ही म्हणालात ते हो म्हणाले. म्हणून आलो."

मी आत गेले.

हे उशीला टेकून बसले होते. "काय फाटलं?" म्हणाले.

"तुम्ही दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलंत."

"तुला कोण मूर्ख बनवणार? उगीच स्वतःला कमी लेखू नकोस."

"थट्टा नकोय. मला सांगायचं होतंत."

"सांगितलं ना. तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी तू मला दूध दिलंस."

मी उभीच होते. आत्ता लिहिताना ही वही मागे चाळली. तीनदा. माझ्याच अक्षरात, कॉन्व्हेंटच्या वळणाच्या सुबक अक्षरात.

"नीट भांडायचं होतंत माझ्याशी."

"भांडायला अंगात जोर लागतो गं. तो राहिला नाही. म्हणून गाडीला पुढे केलं." मग म्हणाले, "रागावू नकोस त्याच्यावर. नाहीच म्हणत होता तो."

मी रागावले. त्याच्यावर, यांच्यावर, खिडकीवर. म्हटलं, गाडी नाही तर नाही, रुग्णवाहिका सांगते. उद्या सहाला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं.

गुरुवार, २१

रुग्णवाहिका पावणेसहाला आली.

यांना उठवायला गेले तर हे आधीच तयार. कसे झाले देव जाणे. शर्ट घातला होता, गुंड्या एक घर सोडून लावलेल्या. बूट घातले होते. पलंगाच्या कडेवर दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते, शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला बसवतात तसे. मला पाहून म्हणाले, "चल."

शाळेत सिस्टर सांगायच्या, डोळ्यांत पाणी आलं तर बुटाची नाडी बांधायला वाका, वर येईपर्यंत ओसरतं. मी यांची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हतीच.

दोघांनी स्ट्रेचर आणलं, यांना अलगद घेतलं. उंबऱ्याशी स्ट्रेचरला हिसका बसला. मागच्या वेळी याच जागी हे असे ओरडले होते की माझ्या हातातली पिशवी पडली होती. आज आवाज नाही. मला वाटलं, गोळीचा गुण. चेहऱ्याकडे पाहिलं तर खालचा ओठ दातांत धरलेला, आणि कडेने रक्त.

माझ्या भीतीने. दुखतंय त्या भीतीने नाही, मी खडसावीन म्हणून.

"खाली ठेवा," मी म्हटलं.

"आजी, अजून गाडीपर्यंत पोचलो नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"परत आत न्या. पलंगावर ठेवा."

"अहो, मग आम्हाला कशाला बोलावलं भल्या पहाटे?"

"चुकलं माझं." हे दोन शब्द मी एका परक्या ड्रायव्हरला म्हटले. घरात कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. तो इतका गडबडला की यांना आत नेऊन ठेवताना अंगावर पांघरूणही घालून गेला.

साडेआठला हॉस्पिटलला फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, कारण नोंदवावं लागतं; कंप्युटरवर तीनच आहेत, वाहन मिळालं नाही, पेशंट जास्त आजारी, दुसरीकडे उपचार.

"यातलं एकही नाही."

"मॅडम, मग वाहन मिळालं नाही असं टाकू? पुढची तारीख लगेच मिळते."

दारात वाहन उभं होतं, डाव्या बाजूला लवंडलेलं. टाक म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

"चौथं कारण लिहायला जागा आहे का?"

"शेरा आहे खाली."

"त्यात लिही. पेशंट नाही म्हणाले."

"पेशंटने नकार दिला, असं?"

"नकार वगैरे नको. ते म्हणाले तसंच लिही. नाही म्हणाले. आणि मला वाचून दाखव."

तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, बरोबर आहे. तिने विचारलं, पुढची तारीख? मी फोन ठेवला.

हे जागे होते. दार उघडं होतं, ऐकलं असणार. मग झोपले. साडेअकरापर्यंत, तोंड उघडं टाकून, मोकळे. इतकी गाढ झोप मी यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. ती बघत बसले आणि तेव्हा कुठे मला कळलं की ते किती लहान झालेत. मी रोज टेप घेऊन भलतीच उंची मोजत होते.

सोमवार, २५

लेक परवा येतेय. तिची खोली झाडली.

दुपारी घुम्या आला. बोलावलं नव्हतं. पायरीखालीच उभा राहिला. जुना शॉकअप परत बसवून देतो, म्हणाला, झिरपेल, पण गाडी ढकलता तरी येईल.  शेवटी म्हणाला, "नवीन मागवू का? दुकानात होता तो एकच होता. आता बाहेरून यावा लागेल."

"किती दिवस?"

"वीस-बावीस. जास्त नाही. यावेळी खरंच मागवतो, बाई. शपथ."

'कशाला,' असं तोंडावर आलं होतं. 'मागव,' असंही आलं होतं. दोन्ही गिळलं. म्हटलं, "थांब. यांना विचारून येते."

त्याने मान खाली घातली.

आत आले. हे जागे होते. पलंगाच्या कडेवर बसले, हे मी कधी करत नाही, चादर चुरगळते. म्हटलं, "तो विचारतोय, नवीन पार्ट मागवू का."

"किती दिवस लागतात?"

"वीस-बावीस."

ते खिडकीकडे बघत राहिले. ओठ जरासे हलत होते. पगाराच्या दिवसाआधी हे असंच करायचे, बोटांवर न मोजता, ओठांनी. मी वाट पाहिली. त्यांना घाई करायची नाही असं ठरवलं होतं, तरी तेवढा वेळ फार लांबला.

"राहू दे," म्हणाले.

मी बाहेर जाऊन सांगितलं. घुम्याने "बरं बाई" म्हटलं आणि हत्यारांची पेटी उघडून जुना शॉकअप बसवायला घेतला. मी तिथे थांबले नाही.

आत सूप निवत चाललं होतं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"रागावला?"

"नाही."

"आणि तू?"

मी चमचा भरून पुढे केला. माझ्याकडे बघतच त्यांनी तोंड उघडलं.